रानातली रायफल: वाहण्याची आणि धरण्याची शिस्त

रायफल म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला पिळाच्या चरी पाडलेली बंदूक. या चरींमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते आणि हवेतून जाताना ती आपला रोख सोडत नाही. छऱ्याच्या बंदुकीचा मारा चाळीस-पन्नास मीटरनंतर विरळ होत जातो. रायफलीचे तसे नाही. नेमबाजीच्या सरावात वापरली जाणारी .२२ बोरची छोटी गोळीसुद्धा नेम चुकल्यास एक किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते, आणि शिकारी रायफलीची गोळी त्याहून कितीतरी दूर जाते. रायफल हाताळण्याचे सगळे नियम याच गुणधर्मातून निघतात. नळीचे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेची जबाबदारी रायफल पेटीतून निघाल्यापासून पुन्हा पेटीत जाईपर्यंत ती हातात असलेल्याची असते. ही जबाबदारी चालताना पाळली की तिला सुरक्षितता म्हणतात, नेम धरताना पाळली की स्थिरता. म्हणून रायफल वाहण्याचे आणि धरण्याचे शिक्षण वेगवेगळे देता येत नाही.

कोल्हापूरच्या मुलखात या विषयाची दोन टोके पाहायला मिळतात. पहिले संस्थानी शिकारीचे. राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) स्वतः कसलेले शिकारी होते. मोकळ्या माळावर काळविटांच्या शिकारीसाठी माणसाळवलेले चित्ते सोडले जात. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणलेले चित्ते दरबाराने पाळले. त्या शिकारीत बंदुकीला काम नव्हते. पश्चिमेकडच्या राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरी जंगलात मात्र कारवीच्या जाळीत चित्त्याचा उपयोग नाही. तिथे हाका, मचाण आणि रायफल यांवरच शिकार चाले. हे रान दरबारचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ मध्ये दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन आजचे सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य तयार झाले.

दुसरे टोक क्रीडा नेमबाजीचे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन (पालथे पडून) प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. ज्या तालुक्यात संस्थानची शिकार चाले, त्याच तालुक्यातला नेमबाज स्पर्धेच्या लक्ष्यावर ऑलिंपिक पदक मिळवतो, हा बदल सत्तर-पंच्याहत्तर वर्षांतला आहे. साधन तेच राहिले, हेतू बदलला, आणि ते धरण्याचे शास्त्र मात्र अधिक काटेकोर झाले.

आज कायद्याने शिकारीला वाव जवळजवळ नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणारी हौशी शिकारही संपवली. अपवाद मोजके आहेत. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या किंवा उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली सक्षम अधिकाऱ्याला लेखी आदेश काढता येतो, आणि त्या आदेशाच्या चौकटीतच गोळी झाडता येते. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री माणसाच्या जिवाला धोका ठरवलेली टी-१ वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर वाद उठला तो प्रामुख्याने या चौकटीच्या अटी पाळल्या गेल्या की नाहीत यावरून. रायफल बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. क्रीडापटूंसाठी वेगळी तरतूद आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही आवश्यक केले आहे. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळण्याआधी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेत शस्त्र हाताळण्याची चाचणी असते आणि तीत असुरक्षित वर्तन झाल्यास उमेदवार नापास होतो. रायफल रानात नेण्याची परंपरा जिथे जिवंत आहे, तिथे हे शिक्षण ऐच्छिक ठेवलेले नाही. इथे त्याची गरज वनखात्याचे कर्मचारी, पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी आणि नेमबाजीचे विद्यार्थी यांना आहे. पुढचे विवेचन उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याला धरून केले आहे. डावखुऱ्याने बाजू उलट कराव्यात.

सुरक्षिततेचे मूळ नियम चार आहेत आणि जगभर थोड्याफार फरकाने तेच शिकवले जातात. प्रत्येक रायफल भरलेली आहे असे समजूनच ती हाती घ्यावी. जे मारायचे नाही त्यावर नळीचे तोंड क्षणभरही जाऊ देऊ नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. ते चापाच्या कड्याबाहेर, दस्त्याच्या लाकडावर सरळ ठेवावे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय गोळी झाडू नये. हे नियम एकमेकांचे पाठीराखे आहेत. एक नियम मोडला तरी उरलेले तीन पाळले असतील तर बहुधा जीव वाचतो. दोन एकदम मोडले की अपघात होतो. चाप चुकून ओढला गेला तरी तोंड मोकळ्या दिशेला असेल तर गोळी मातीत जाते.

सेफ्टीचा खटका या चारांत नाही, कारण तो यंत्राचा भाग आहे आणि यंत्र झिजते. खटका लावलेली रायफल पडली, आपटली किंवा तिच्यात घाण गेली तर ती सुटणारच नाही अशी खात्री कोणताही जाणकार देत नाही. खटका लावायचाच; पण त्याच्या भरवशावर तोंडाची दिशा सोडायची नाही.

रायफल हातात घेताच पहिली कृती म्हणजे ती रिकामी आहे का हे पाहणे. तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे, मॅगझिन काढावे, बोल्ट पूर्ण मागे ओढावा आणि चेंबरमध्ये डोळ्याने पाहून शिवाय करंगळीने चाचपावे. क्रम महत्त्वाचा आहे. मॅगझिन जागेवर असताना बोल्ट मागेपुढे केला तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे चेंबरमध्ये जाऊन बसते. बाहेर पडलेले काडतूस पाहून रायफल रिकामी झाल्याचा समज होतो. दुसऱ्याच्या हाती देताना बोल्ट उघडाच ठेवावा, आणि घेणाऱ्याने देणाऱ्यासमोर पुन्हा तपासावे. त्यात अविश्वासाचे काही नाही. कोल्हापुरातल्या दुधाळी रेंजवर काय किंवा परदेशातल्या स्पर्धेत काय, गोळीबार चालू नसताना चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा दोरी घातलेली असते, म्हणजे दुरूनही रायफल रिकामी असल्याचे सर्वांना दिसते. रानात अशी दोरी नसते, तेव्हा उघडा बोल्ट हीच खूण.

चालताना रायफल वाहण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि कोणती निवडायची हे सोबत कोण कुठे आहे यावर ठरते. दोन्ही हातांची पद्धत सर्वांत भरवशाची. उजवा हात दस्त्याच्या मुठीवर, डावा पुढच्या लाकडावर, रायफल छातीसमोर तिरपी आणि तोंड डावीकडे वर. ठेच लागली तरी ताबा सुटत नाही आणि रायफल चटकन खांद्याला लावता येते. हात अवघडला की रायफल डाव्या कोपराच्या बेचक्यात आडवी घेता येते, पण तेव्हा तोंड थेट डावीकडे जाते. त्या बाजूला माणूस असेल तर ही पद्धत बाद. एका हातात मध्यावर धरून, तोंड पुढे ठेवून चालणे पुढे कोणी नसेल तरच चालते. खांद्यावर आडवी टाकलेली रायफल चित्रात रुबाबदार दिसते. मागून येणाऱ्याच्या तोंडासमोर मात्र ती सतत झुलत असते.

लांबच्या वाटेला पट्ट्याने खांद्याला अडकवणे सोयीचे, कारण हात मोकळे राहतात. तोंड वर ठेवून अडकवलेली रायफल वाकून चालताना फांदीत अडकते, आणि माणूस पुढे झुकला की तोंडही पुढच्या माणसाकडे झुकते. तोंड खाली ठेवल्यास पावसाचे पाणी नळीत जात नाही, पण खाली बसताना तेच तोंड मातीत रुतते. राधानगरीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याची तांबडी माती चिकट होते. नळीच्या तोंडात बसलेला तिचा गोळा धोकादायक असतो. अशी नळी झाडली तर फुगते किंवा फाटते, आणि झाडणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. घसरून पडल्यावर, ओढा ओलांडल्यावर किंवा तोंड जमिनीला टेकल्याची शंका आल्यावर रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळी आरपार पाहावी. आत उजेड दिसल्याशिवाय पुन्हा भरू नये.

कारवीचे रान ही या भागातली खास अडचण. छातीच्या वर गेलेल्या तिच्या ताठ काड्या दाटीने उभ्या असतात आणि त्यांतून वाट काढताना एखादी काडी चापाच्या कड्यात शिरते. चेंबरमध्ये काडतूस असेल तर एवढ्यानेही गोळी सुटू शकते. म्हणून दाट जाळीतून जाताना चेंबर रिकामे ठेवावे. मॅगझिन भरलेले चालेल. तोच नियम कुंपण, ओढा, निसरडा कडा आणि वाहन यांना लागू आहे. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करून बोल्ट उघडा ठेवावा, तोंड आपल्यापासून दूर राहील अशी ती पलीकडे आडवी ठेवावी आणि मग थोड्या अंतरावरून पलीकडे जावे. दोघे असतील तर एकाने दोन्ही रायफली धराव्यात, दुसऱ्याने ओलांडावे, मग हातबदल करावा. जीपमध्ये भरलेली रायफल ठेवू नये. मचाणावर चढताना ती पाठीवर घेऊ नये. रिकामी करून, दोरीला तोंड खाली येईल अशी बांधून ठेवावी आणि माणूस वर स्थिरावल्यावर ओढून घ्यावी. दोरीने वर येताना कुठेही अडकली आणि चाप दबला तरी चेंबर रिकामे असल्याने काही घडत नाही.

एकामागून एक चालताना पुढच्याने तोंड पुढे किंवा बाजूला ठेवावे, मागच्याने वर किंवा बाजूला, आणि मधल्याने डावी की उजवी बाजू आपली हे निघतानाच ठरवून घ्यावे. आडव्या रांगेत कडेच्या दोघांची तोंडे बाहेरच्या बाजूला, मधल्याचे पुढे. बोलण्यासाठी वळताना आधी रायफल वर उचलावी, मग शरीर वळवावे. नवशिक्याकडून बहुतेक वेळा उलटे होते. हाक ऐकू येते, माणूस वळतो, आणि त्याच्याबरोबर नळी सोबत्यांच्या छातीवरून फिरते.

संस्थानी काळातल्या हाक्यात ही शिस्त सर्वांत कसाला लागे. हाकारे डबे-ढोल वाजवत, ओरडत जनावर समोरून हाकत आणतात आणि बंदूकधारी एका रांगेत त्यांच्या वाटेवर बसलेले असतात. म्हणजे जनावर, हाकारे आणि गोळी यांची दिशा एकाच रेषेत येऊ शकते. म्हणून प्रत्येकाने आपल्या जागी बसल्यावरच रायफल भरायची, जागा सोडायची नाही, आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या जागा बसल्या ठिकाणावरून नीट पाहून ठेवायच्या. शेजाऱ्याच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांचा पट्टा गोळीसाठी वर्ज्य, असा नियम युरोपातल्या हाक्यात पाळला जातो. हाकारे ठरावीक खुणेच्या आत आले की समोर गोळी झाडणे बंद. त्यानंतर रांग ओलांडून मागे गेलेल्या जनावरावरच, तेही मागे वळून, नेम धरता येतो. मागे वळतानाही नळी रांगेवरून आडवी फिरवायची नाही. तोंड आभाळाकडे करून वळायचे. हाका संपल्याची शिटी झाली की आधी रायफल रिकामी, मग उठणे.

लक्ष्य ओळखण्याचे काम डोळ्याचे किंवा दुर्बिणीचे आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीतून ते करणे म्हणजे काय आहे हे कळण्याआधीच त्यावर नळी रोखणे. दाजीपूरच्या जंगलात धनगरवाडे आहेत. गुरे राखणारे, मध आणि हिरडा गोळा करणारे लोक रानात फिरतात. झुडूप हलले एवढ्यावर नेम धरणाऱ्याला समोर माणूस नसल्याची खात्री कधीच नसते. रंग, आवाज किंवा हालचाल यांवर भागत नाही; पूर्ण जनावर दिसले पाहिजे. पंचगंगा-भोगावतीच्या खोऱ्यात पीकसंरक्षणाचा प्रश्न आला की ऊस आडवा येतो. रानडुकरे उसात दडतात, आणि उसाच्या दोन सऱ्यांपलीकडे काय आहे ते दिवसाही दिसत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात उसाकडे झाडलेली गोळी पाणी पाजायला आलेल्या शेतकऱ्याच्या दिशेने जाऊ शकते. उसात आंधळी गोळी कधीही झाडायची नाही.

लक्ष्याच्या मागे मातीचा उतार किंवा बांध असेल तर चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी तिथे थांबते. डोंगराच्या धारेवर उभ्या असलेल्या जनावराच्या मागे आभाळ असते, म्हणून त्यावर गोळी झाडत नाहीत. जांभ्याचा उघडा सडा आणि तळ्याचे पाणी यांवर लहान कोनात आदळलेली गोळी उसळून भलतीकडे जाते. मचाणाचा मोठा फायदा इथे आहे. वरून खाली नेम धरला की मागे जमीनच असते.

इथून स्थिरतेचा भाग सुरू होतो. तिची गरज साध्या भूमितीने कळते. नळीवरची माशी आणि मागची खाच यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी १ मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की १०० मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर सरकते. रानडुकराच्या हृदय-फुफ्फुसाचा भाग वीतभर असतो. म्हणजे माशी मिलिमीटरने हलली तरी जनावर मरत नाही, जखमी होऊन जाळीत शिरते. तिथे ते तडफडून मरते किंवा शोधायला येणाऱ्यावर उलटते. अस्थिर हाताने झाडलेली गोळी म्हणूनच सुरक्षिततेचाही भंग ठरते. ५० मीटर रायफलच्या कागदी लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि १० मीटर एअर रायफलमध्ये तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. कोल्हापूरच्या रेंजवर घडलेली स्थिरता या मापाची आहे.

स्थिरतेचे पहिले तत्त्व असे की रायफलीचा भार हाडांवर द्यावा, स्नायूंवर नव्हे. स्नायू ताणला की थरथरतो आणि थकतो. नीट रचलेली हाडे भार जमिनीपर्यंत पोचवतात. डाव्या हाताने रायफल आवळायची नसते, ती तळहातावर ठेवायची असते. डावे कोपर शक्य तितके नळीच्या बरोबर खाली आणायचे. दस्ता खांद्याच्या खोबणीत, दर वेळी त्याच ठिकाणी. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तरच डोळा, खाच आणि माशी एका रेषेत येतात. उजव्या हाताने मूठ धरायची ती चापाचे बोट मोकळे राहील इतकीच.

दुसरे तत्त्व शरीराच्या स्वाभाविक रोखाचे. नेम धरावा, डोळे मिटावे, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर शरीराचा रोख वेगळा आहे आणि हात त्याला ओढून आणत आहेत. अशा वेळी हातांनी दुरुस्ती करू नये. पाय, गुडघा किंवा कंबर सरकवून सगळे शरीरच वळवावे. हाताने ओढून आणलेला नेम चाप ओढण्याच्या क्षणी मूळ जागी परत जातो.

पालथे पडून धरलेली रायफल सर्वांत स्थिर. दोन्ही कोपरे आणि धड जमिनीला टेकलेले, शरीर नळीच्या रेषेपासून किंचित डावीकडे, उजवा गुडघा थोडा वर घेतलेला, म्हणजे पोटावर दाब येत नाही आणि श्वास मोकळा राहतो. पट्टा डाव्या दंडापासून रायफलीच्या पुढच्या भागापर्यंत ताणला की हात, पट्टा आणि रायफल यांचा त्रिकोण होऊन स्नायूंचे काम जवळजवळ संपते. पट्टा फार आवळला तर मात्र दंडातल्या धमनीचे ठोके माशीवर दिसू लागतात. तेजस्विनी सावंत यांचे जागतिक सुवर्ण याच पालथ्या स्थितीतले.

गवत किंवा कारवी उंच असेल तर पालथे पडून काही दिसत नाही; तेव्हा बसावे लागते. मांडीसारखे बसून दोन्ही कोपरे गुडघ्यांच्या आतल्या उतारावर टेकवण्याची स्थिती शिकाऱ्यांना मानवते. एका गुडघ्यावर बसताना उजवा गुडघा जमिनीवर, बूड उजव्या टाचेवर आणि डावे कोपर डाव्या गुडघ्याच्या किंचित पुढे. कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवले तर गोल हाडावर गोल हाड घसरते, म्हणून कोपराच्या वरचा मांसल भाग टेकवतात. उभ्याची स्थिती सर्वांत अवघड, कारण आधार फक्त दोन पावलांचा. स्पर्धक कंबर लक्ष्याकडे सरकवतो, पाठ किंचित मागे कलवतो आणि डावे कोपर कमरेच्या हाडाशी टेकवतो, म्हणजे रायफलीचा भार हाडांवरून थेट पायांत उतरतो. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नील कुसाळे यांचे गुण गुडघ्यावर १९८, पालथ्या स्थितीत १९७ आणि उभ्याने १९५ होते, एकूण ६०० पैकी ५९०. जागतिक दर्जाच्या नेमबाजाचेही सर्वांत कमी गुण उभ्याचे असतील, तर रानात दम लागलेल्या माणसाने आधार असताना उभ्याने नेम धरण्याचे कारण नाही.

स्पर्धेतली आणि रानातली साधने एकसारखी नसतात. स्पर्धेची रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते, अंगात कडक जाकीट असते, जमीन सपाट आणि अंतर ठरलेले असते. ईशापूरच्या कारखान्यात बनलेली .३१५ बोरची शिकारी रायफल याच्या निम्म्याहून हलकी. हलकी रायफल वाहायला बरी, धरायला चंचल, आणि तिचा धक्काही जास्त. म्हणून रानात आधार शोधायचा: झाडाचा बुंधा, दगड, पाठीवरची पिशवी, किंवा दोन काठ्या वरच्या टोकाशी बांधून केलेला कैचीसारखा टेकू. आधाराला नळी लावू नये. गोळी सुटताना नळी कंप पावते आणि कठीण वस्तूला टेकलेली असेल तर गोळी तिच्यापासून दूर फेकली जाते. आधारावर आपला डावा हात किंवा दुमडलेले कापड ठेवावे आणि त्यावर रायफलीचे पुढचे लाकूड.

श्वासाने छाती हलते आणि छातीबरोबर माशी वरखाली होते. सहज श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी एक नैसर्गिक विराम असतो. गोळी त्या विरामात झाडायची. तो सहा ते आठ सेकंद लांबवता येतो. त्यानंतर प्राणवायू कमी पडून नजर धूसर होते आणि हात कापू लागतो. तेवढ्यात नेम बसला नाही तर रायफल खाली घ्यावी, श्वास घ्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. चढ चढून आल्यावर दम बसेपर्यंत नेम धरूच नये.

चाप बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत ओढायचा, इतका की गोळी नेमकी केव्हा सुटली हे झाडणाऱ्यालाही आधी कळू नये. झटका दिला की आधी जुळलेले सगळे त्या क्षणात मोडते. धक्क्याच्या आणि आवाजाच्या भीतीने गोळीच्या आधीच डोळा मिटणे व खांदा पुढे ढकलणे ही सर्रास आढळणारी सवय आहे. कोरड्या सरावाने ती जाते: रिकाम्या रायफलीने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, सुरक्षित भिंतीकडे तोंड करून नेम धरावा, चाप ओढावा आणि त्या क्षणी माशी कुठे होती ते पाहावे. चाप सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवायचा. गोळीला नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात हललेली नळी तिला बरोबर नेते.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही तर तोंड लक्ष्याच्याच दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे; काही वेळा दारू उशिरा पेटते. मगच बोल्ट उघडून काडतूस काढावे. गोळी सुटली पण आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर ती नळीत अडकलेली असू शकते. नळी तपासल्याशिवाय दुसरी झाडू नये. नेम लागल्यावरही बोल्ट चालवून रायफल तयार ठेवावी, खटका लावावा आणि पडलेल्या जनावराजवळ मागच्या बाजूने जावे. जनावर मेल्याची खात्री झाली की पहिले काम रायफल रिकामी करण्याचे.

परतल्यावर ती पुन्हा तपासावी, सोबत्यालाही तपासायला लावावी. घरात पुसताना होणारे अपघात बहुधा चेंबरमध्ये राहिलेल्या काडतुसाने होतात, म्हणून साफसफाईची सुरुवात बोल्ट काढण्यापासून होते. नळी ओली झाली असेल तर त्याच दिवशी कोरडी करून हलके तेल लावावे आणि पुढच्या वापराआधी ते तेल पुसून काढावे, कारण नळीत साचलेले तेलही अडथळाच असते. रायफल कुलपाच्या पेटीत, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि किल्ल्या परवानाधारकाकडे ठेवाव्यात. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तरी ती तिथे न्यायची ती रिकामी करून आणि पेटीत घालूनच.